कडलै म्हणजे कडलैच

"कडलै, आई. कडलै!" स्कूटर बंद न करताच कौमुदी ओरडली. "भाजायची, बारीक पूड करायची आणि कांजीत कालवून द्यायची. आठवड्यातून तीनदा. एकदाही चुकवायचं नाही, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"कळलं की," फाटकातून हात लांबवून बाळाला घेत कनका म्हणाली. "बहिरी नाही अहें मी. कडलै म्हणजे कडलैच. त्यांत येवढं सांगायचं काय अहे?"

"नाही, दाण्यांसारखं व्हायला नको."

दोघी हसल्या. आईच्या कुशीत जावं तसं बाळ आजीच्या खांद्यात शिरलं, आणि कौमुदी अंबत्तूर इस्टेटमधल्या आपल्या कंपनीकडे निघून गेली.

दाण्यांची गोष्ट घरात पाहुण्यारावळ्यांना सांगायची झाली होती. कौमुदी सांगलीची. लग्न होऊन मद्रासेत आली तेव्हा पहिल्याच एकादशीला सासूच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिनं विचारलं, "आई, दाणे कुठं ठेवलेत?" कनकाला उमजेना. "कसले दाणे?" "दाणे हो, नुसते दाणे!" मग कनकानं तांदळाचा डबा काढला, तुरीचा काढला, मुगाचा, उडदाचा, शेवटी मोहरीचासुद्धा काढून ओट्यावर मांडला. "घे बाई. आमच्या घरांत येवढेच दाणे. तुझ्या मनांतला कोणता तो तूंच पहा." दारात उभा असलेला कौमुदीचा नवरा मुरली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तंजावरकडच्या मराठी घरात दाणा म्हणजे शेतात पिकेल तो कोणताही दाणा. आणि सांगलीच्या मुलीला दाणे म्हणजे फक्त भुईमुगाचे.

त्या दिवसापासून कौमुदीनं ठरवून टाकलं, सासूच्या घरी सासूचाच शब्द. कोपऱ्यावरच्या दुकानात चिक्की मागितली की दुकानदार "कडलै मिठाई" म्हणायचा. दाण्याच्या तेलावर कडलै तेल असं लिहिलेलं. म्हणजे दाणे म्हणजे कडलै. एवढं तिनं मनाशी गाठ मारून ठेवलं.

पण तमिळ शब्द म्हणजे देवळातल्या मोठ्या घंटेसारखा, जो वाजवील त्याला आपापला सूर ऐकू येतो. कडलै म्हणजे भुईमूगही, हरभराही, आणि चिवड्यात घालतात ते भाजकं डाळंही. ज्याच्या स्वयंपाकघरात जे चालतं ते. कनकाचा नवरा चंद्रमौळी इस्टेटीतल्या एका कारखान्यात कारकून होता. तो गेल्यावर मुरलीला वाढवण्यासाठी ती बालवाडीत आया म्हणून लागली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिली. तिथं पोरांसाठी सत्तुमावू भाजायचा, म्हणजे सातू-नाचणीचं पीठ. त्यात कडलै पडायची, ती भाजक्या डाळ्याची. अंबत्तूरची निम्मी पोरं तिच्या हातच्या चमच्यानं मोठी झाली. कुणी रिक्षा चालवतं, कुणी बँकेत बसतं. रस्त्यात भेटलं की अजून "आया अम्मा" म्हणून थांबतं. अशा बाईला लेकराच्या कांजीत काय घालायचं हे विचारायची गरज कशी वाटावी? तिला भुईमूग म्हटलं असतं, शेंगदाणे म्हटलं असतं, तर ती अडली असती, "म्हणजे काय गे?" असं तिनं विचारलं असतं. सून आपल्या शब्दात बोलली, म्हणून ती अडली नाही.

बाळाचं नाव वेंकट. सहा-सात महिन्यांचा गोंडस जीव, पण अंगाला इसब. गाल तांबडेलाल, कोपराच्या वळ्यांत आणि गुडघ्यांमागे कातडी ओली, खाजवून खाजवून फुटलेली. अण्णा नगरातल्या रंजनी डॉक्टरांनी मुरलीला आणि कौमुदीला समोर बसवून समजावलं होतं, की असल्या कातडीच्या मुलांचं शरीर फार संशयी असतं. एखाद्या अन्नाची पहिली ओळख फुटलेल्या कातडीतून झाली, तर ते त्याला शत्रू धरतं. तोंडातून झाली, तर बहुतेक वेळा सोयरा मानतं. म्हणून ओळख लवकर करून द्यायची, आणि एकदा दिली की तुटू द्यायची नाही. पहिला चमचा त्यांनी स्वतःच्या दवाखान्यात चाटवला, दुधात कालवलेली दाण्याची पातळ पेस्ट. बराच वेळ बसवून ठेवलं. वेंकटनं ओठ चाटले आणि आणखी मागितली. काही झालं नाही. ओठ सुजले नाहीत, एक गांधीही उठली नाही.

"मुलगा भाग्यवान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता फक्त चुकवू नका."

आणि कनकानं चुकवलं नाही. एवढ्याला मात्र परमेश्वर साक्षी आहे. तापाच्या दिवसांत नाही, पाण्याचा टँकर आला नाही तेव्हा नाही, तिचा गुडघा सुजून ती भिंत धरून चालत होती तेव्हाही नाही. मंद आचेवर डाळं भाजायचं, करपू द्यायचं नाही, दोनदा चाळायचं. मग मांडीवर लेकरू घेऊन, "हा घास चिमणीचा, हा घास रंगनाथाचा, हा घास अप्पाचा" म्हणत म्हणत भरवायचं. अप्पाचा, म्हणजे बापाचा, घास आला की वेंकट जांभई द्यायचा.

"तुझा अप्पाही असाच," ती मुरलीला फोनवर सांगायची. "जेवायला बसला की झोंप."

"अम्मा, त्याला कंटाळा आला असेल. रोज तेच ते!"

"रोज कोठें? तीनदां. तुझ्या बायकोनं सांगिटलंय. एक दिवस इकडचा तिकडे होऊं दिला नाही मी."

संध्याकाळी कौमुदी घ्यायला यायची तेव्हा पहिला प्रश्न तोच असायचा, "आई, कडलै दिली?" आणि कनका पदराला हात पुसत म्हणायची, "दिली की." कौमुदी निश्चिंत व्हायची. रविवारी अण्णा नगरच्या घरी ती सांगलीच्या पद्धतीनं स्वयंपाक करायची, भेंडीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीलाही वरून कूट. बाळाला तिखट नको म्हणून दहीभात. आणि कूट केलेले हात पाण्याखाली धरून, लुगडं नसल्यामुळे पंजाबी ड्रेसच्या ओढणीला पुसून, त्याच हातांनी बाळाच्या फुटलेल्या गालांना मलम लावायचं.

देवाचं नाटक असं असतं. दोन बायका, दोघींचा जीव त्या एका लेकरावर, दोघींनी सांगितलेलं सगळं केलं. आणि मधे एक शब्द उभा राहिला, तो दोघींना ओळखीचा.

वेंकट चालायला लागला, दुडूदुडू पळायला लागला. पावसाळा ओसरल्यावर अंबत्तूरच्या भजनमठात त्रिपुरसुंदरीबाईंचं कीर्तन होतं. त्या दिवशी कौमुदीची मीटिंग लांबली होती. कनका नातवाला घेऊन मठात गेली. बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, हातात चिपळ्या. बाई मराठीत पद म्हणायच्या आणि तमिळमध्ये उलगडून सांगायच्या. आख्यान हत्तीचं होतं. मगरीनं पाय धरला, बळ संपलं, सोंडेत एक कमळ धरून हत्तीनं हाक मारली, आणि देव पादुका घालायलाही थांबला नाही. बाईंनी "धावला गे माय" म्हणून असा काही सूर लावला की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वेंकट आजीच्या मांडीवर उभा राहून टाळ्या पिटत होता.

आरती झाली. कनकाची मठातली मैत्रीण राजसबाई परात घेऊन प्रसाद वाटत आली.

"काय नातू का? घे रे कण्णा," म्हणून तिनं एक लाडू कनकाच्या हातावर ठेवला. "कडलै उरुंडै. गूळ सकाळीच आणवला, ताजा आहे."

भुईमूग आणि गुळाचा लाडू. तो द्यायला कनकाला कुणी बंदी केली नव्हती. बंदी करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. तिनं बोटानं चुरून, खडा राहिला नाही ना ते चाचपून, चिमूटभर त्याच्या जिभेवर ठेवला. वर आणखी चिमूटभर. प्रसादाला नाही म्हणू नये.

चपला सापडेपर्यंत त्याचा वरचा ओठ सुजला. फाटकापाशी येईपर्यंत पोटावर गांधी उठल्या, माश्यांच्या थव्यासारख्या एकीत एक मिसळत गेल्या. त्यानं ओकारी केली. मग तो रडला. तो आवाज त्याचा नव्हता. फाटक्या भात्यासारखा घोगरा, आत ओढला जाणारा. तिनं आयुष्यात हजार पोरं रडताना ऐकली होती. असं एकही नाही.

"राजसे, आटो! आटो बोलाव गे!"

आटोत ती रंगनाथाला हाका मारत होती. हाका मारता मारता तिच्या मनात आलं, हत्तीला निदान हाक मारता आली. हाक मारायला गळा मोकळा हवा. ज्याचा गळाच आवळला, त्यानं देवाला कसं बोलवावं?

हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन टोचलं, ऑक्सिजन लावला. कौमुदी धावत आली तेव्हा लेकराचा श्वास जाग्यावर आला होता, पण डोळे सुजून बंद होते.

"काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"प्रसाद. कडलैचा."

"कडलै?" कौमुदी डॉक्टरकडे वळली. "शक्यच नाही. हा तर नेहमी खातो! आई देतात ना त्याला!"

"देतें की," कनका म्हणाली. "एकदां चुकवलं नाही."

आठवड्यानं रंजनी डॉक्टरांनी बोलावलं. तपासण्यांचे निकाल समोर होते. त्यांनाही कोडं पडलं होतं. नेमानं खाणाऱ्या मुलाला असं सहसा होत नाही. "पाटी," त्या कनकाला आजी म्हणून हाक मारत तमिळमध्ये म्हणाल्या, "तुम्ही जे देत होता ते आणायला सांगितलं होतं."

कनकानं पिशवीतून डबा काढला. तिला त्यात अभिमानच वाटत होता, घासून लख्ख केलेला डबा, दोनदा चाळलेली पूड. डॉक्टरांनी झाकण काढलं. चिमूट घेऊन वास घेतला. पुन्हा घेतला.

"पाटी, हे पोट्टुकडलै आहे. भाजकं डाळं."

"होय. कडलै."

"भुईमूग नाही यात?"

"भुईमूग?" कनका सुनेकडे पाहत म्हणाली. "हिनं कडलै सांगिटलं."

कौमुदीचं तोंड उघडं होतं, जसं लहान मूल पडल्यावर रडू फुटायच्या आधी क्षणभर असतं तसं. मुरलीनं कपाळाला हात लावला. बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर बालगीत चालू होतं, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

"म्हणजे पहिल्या त्या चमच्यानंतर," डॉक्टर हळू म्हणाल्या, "त्याच्या पोटात ते गेलंच नाही."

"पण माझ्या घरी..." कौमुदीचा आवाज चिरकला. "मी कूट करायचे. मी मलम लावायचे, त्याच हातांनी..."

"असं कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "सगळं नीट करूनही काही मुलांना होतं. कदाचित तसंही झालं असतं. कदाचित नसतं."

ते 'कदाचित' जर त्यांनी उच्चारलं नसतं, तर फार दया झाली असती. दोष ठरला असता तर एकीनं तो डोक्यावर घेतला असता, दुसरीनं क्षमा केली असती. पण कदाचितला कोण क्षमा करणार?

कनका उठून टेबलापाशी गेली. "अम्मा," ती डॉक्टरांना म्हणाली, "माझं चुकलं. मला कळलं अता. उद्यांपासून भुईमूग देतें. रोज देतें. दुप्पट देतें. वर्ष गेलं तें भरून काढतें."

"नाही पाटी."

"मग थोडं थोडं? तुम्ही दिलं तसं, दुधांत?"

"एक कणही नाही. ज्या भांड्याला लागलं असेल ते भांडंही नको. पुढे मोठा झाला की मोठ्या हॉस्पिटलात काही उपचार करून बघता येतील. खात्री देत नाही मी. घरी तर कधीच नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तेव्हा ते औषध होतं. आता विष आहे."

कनका उभीच राहिली. पुराणातल्या कथांत शापाला उःशाप असतो. कितीही मोठा ऋषी कोपला तरी शेवटी विरघळतो आणि अमुक झालं की तू मुक्त होशील असं सांगतो. ती त्या एका वाक्याची वाट बघत होती. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

कौमुदी एका शब्दानं वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं. ती फक्त शब्द मोजून बोलायला लागली, आणि सासूशी बोलताना प्रत्येक वस्तूची मराठी, तमिळ, इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली नावं घ्यायला लागली. वेंकटला अण्णा नगरातल्या एका पाळणाघरात घातलं. "तिथं त्यांना माहिती आहे, आई. इंजेक्शन कसं द्यायचं वगैरे. तुमची दगदगही वाचेल."

"होय," कनका म्हणाली. "वाचेल."

ती इंजेक्शन द्यायला शिकायला तयार होती. पण ते तिनं विचारलं नाही.

रविवारी ते तिघं भेटायला येत. वेंकटचं जेवण त्याच्याच डब्यात, त्याचा चमचा, त्याचं पाणी. कनकानं घरातून भुईमूग, तेल, मिठाई, शेजारून आलेलं काहीबाही, सगळं काढून टाकलं होतं. पाटा धुतला, मिक्सरचं भांडं बदललं, फडताळ सोड्यानं पुसलं. तरी कौमुदी दारातून आत आली की तिची नजर ओट्यावरून फिरायची. ती आई होती, नजर फिरायचीच.

मग कनकानं आणखी एक केलं. शनिवारी दुपारचं जेवली की ती पुढं काही तोंडात घालायची नाही. रविवारी सकाळी दात घासून चुळांवर चुळा भरायच्या, जिभेखालीसुद्धा बोट फिरवायचं, आणि ते लोक परत जाईपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं. बाहेरच्या कुठल्या पदार्थात काय असेल याचा भरवसा नव्हता, आणि स्वतःच्या स्वयंपाकावरचा तिचा भरवसा तर केव्हाच गेला होता. निदान आपल्या श्वासात, आपल्या ओठांवर काही नको.

राजसबाईनं एकदा विचारलं, "काय गे, उपास कुणाचा धरलास?"

"वेंकटाचा."

"वेंकटरमणाचा शनवारी असतो. रविवार कुठला काढलास नवा?"

"आमचा रविवारी असतो," कनका म्हणाली.

मठात ती अजून जायची. त्रिपुरसुंदरीबाई गायच्या, ती टाळ धरायची. पण देव धावला या ठिकाणी कथा आली की तिचा टाळ थांबायचा. अश्रद्धेनं नव्हे. देव धावत असेलच. तिला फक्त एवढंच वाटायचं, की ज्यांच्या दारी तो पोचत नाही त्यांचीही कथा कुणीतरी कधी लावावी. प्रसादाची परात आली की ती दोन्ही हात जोडायची, पुढं करायची नाही. परात पुढं जायची.

एका रविवारी वेंकट, आता तीन वर्षांचा, जमिनीवर फतकल मारून दहीभात खात होता. मुरली गॅलरीत फोनवर. कौमुदी शेजारी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. कनका समोरच्या भिंतीशी, दोन हात अंतरावर. अंतर तिचं तिनंच ठरवलेलं.

वेंकटनं बोटांनी भाताचा घास केला. अर्धा सांडला. उरलेला घेऊन तो उठला आणि डुलत डुलत आजीपुढं आला.

"पाटी, आ."

"तूं खा, कण्णा."

"आ कर! हा चिमणीचा."

कनकानं सुनेकडे पाहिलं. कौमुदी अर्धवट उठली होती. वेंकट पाय आपटायला लागला. कनकानं तोंड उघडलं. त्यानं घास आत कोंबला, चिमुकली बोटं ओठांवर, दातांवर लागली. "हा रंगनाथाचा," तो म्हणाला आणि रिकामाच हात पुन्हा तिच्या तोंडाकडे नेऊ लागला.

"वेंकू, चल, हात धुवू," कौमुदी म्हणाली. तिनं त्याला मागून उचललं. आवाज अगदी मऊ होता. "आई, रागावू नका हं. तुम्ही सकाळी काय खाल्लंय ते... म्हणजे फक्त काळजी म्हणून..."

"धू," कनका म्हणाली. तोंडात घास असल्यामुळे शब्द नीट उमटला नाही. "चांगलं धू. साबण तिथंच अहे."

कौमुदी त्याला कडेवर घेऊन मोरीकडे गेली. नळ सुटला. पाण्याखाली ती त्याचं एकेक बोट वेगळं करून चोळत होती, आणि तो हसत होता, गुदगुल्या होत होत्या त्याला.

कनका भिंतीला टेकून बसून राहिली. काल दुपारपासून तिच्या तोंडात गेलेलं ते पहिलं अन्न होतं. नळ बंद होईपर्यंत तिनं ते गिळलं नाही.